पहिली आर्केड स्टिक: लिव्हरच्या नावाला भुलू नका

फायटिंग गेमसाठी पहिली स्टिक, म्हणजे आर्केड मशीनसारखा दांडा आणि मोठी बटणं असलेला कंट्रोलर, घ्यायची म्हटलं की चर्चा हमखास एकाच प्रश्नावर येऊन थांबते: लिव्हर (डाव्या हाताने फिरवायचा दांडा) कुठल्या कंपनीचा? खरं तर लिव्हर आणि बटणं हे स्टिकमधले सगळ्यात सहज बदलता येणारे भाग. स्क्रू ड्रायव्हर आणि निवांत तासभर हाताशी असला की दोन्ही बदलून होतात. बदलता येत नाही ती बॉडी, आणि बदलायला महाग व किचकट पडतो तो आतला सर्किट बोर्ड. पहिल्या खरेदीत डोकं लावायचं ते या दोन गोष्टींवर. लिव्हर मध्यम निघाला तर सहा महिन्यांनी बदलाल. बोर्ड भलत्याच कन्सोलचा निघाला तर स्टिक कपाटावर जाते.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. स्टिक घेतली म्हणून खेळ सुधारत नाही; पहिले दोन-तीन आठवडे तो बिघडतोच. हातात धरायच्या साध्या पॅडवर खेळणारे मोठ्या स्पर्धा जिंकतात, तेव्हा 'स्टिकशिवाय गंभीरपणे खेळता येत नाही' हे डोक्यातून काढून टाका. स्टिकचा फायदा वेगळा आहे. उजव्या हाताचं प्रत्येक बोट आपापल्या बटणावर राहतं, दोन-तीन बटणं एकदम दाबणं सोपं जातं, आणि डाव्या अंगठ्याला फोड येत नाहीत. हे हवं असेल तर घ्या.

आधी मशीन, मग स्टिक

पीसीवर जवळजवळ कुठलीही यूएसबी स्टिक चालते. तिच्यात एक्सइनपुट मोड असला तर आणखी बरं, कारण मग गेम तिला एक्सबॉक्सचा पॅड समजतात आणि बटणं आपसूक जागेवर लागतात.

कन्सोलचं असं नाही. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स जोडलेल्या कंट्रोलरकडे ओळखपत्र मागतात आणि ते नसलेला बोर्ड बाहेर काढतात. पीएस ४ वर हा प्रकार फसवा दिसतो. स्टिक जोडल्याबरोबर छान चालते, आणि साधारण आठ मिनिटांनी ऐन सामन्यात मरते. केबल काढून लावली की पुन्हा आठ मिनिटं. नवखा माणूस केबलवर संशय घेतो, नवी केबल आणतो, पोर्ट बदलतो; आणि दोष असतो बोर्डच्या ओळखीत. जुनी स्टिक तपासताना दोन मिनिटं खेळून 'चालते' म्हणू नका, ते याचसाठी.

पीएस ५ वर पीएस ४ चे गेम चालवलेत तर पीएस ४ ची स्टिक चालते. पीएस ५ साठीच बनवलेल्या आवृत्तीत मात्र ती चालणं गेम बनवणाऱ्यांच्या मर्जीवर आहे. स्ट्रीट फायटर ६ ने जुन्या स्टिकची सोय ठेवली आहे, पण तेवढ्यावरून बाकीच्यांचं गृहीत धरू नका. तुमचा मुख्य गेम कोणता ते ठरवा आणि त्याच गेमचं नाव घालून शोधा. एक्सबॉक्स वनची स्टिक सीरिज एक्स आणि सीरिज एस दोन्हींवर चालते. परवाना नसलेली उपकरणं मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या अखेरीपासून अडवायला सुरुवात केली, त्यामुळे त्याआधीचं 'माझ्याकडे अडॅप्टर लावून मस्त चालते' हे प्रशस्तिपत्र आज कामाचं नाही.

काही स्वस्त स्टिकवर 'सगळ्या कन्सोलवर चालते' असं छापलेलं असतं. त्यातली मेख अशी की स्टिकवर एक वेगळा यूएसबी पोर्ट असतो आणि खेळताना त्यात त्या कन्सोलचा मूळ पॅड जोडून ठेवावा लागतो. ओळख पॅड देतो, बटणं स्टिकची. मेफ्लॅशची एफ३०० याच पद्धतीची. वाईट काहीच नाही, फक्त लोंबणाऱ्या पॅडची तयारी ठेवा.

बोर्ड नंतर बदलायची वेळ आलीच तर ब्रूक या कंपनीचे बोर्ड अनेक कन्सोलना चालतात. फक्त पीसीवर खेळणाऱ्याला रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डवर जीपी२०४०-सीई हे मुक्त फर्मवेअर (बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) घालून फार कमी पैशांत उत्तम बोर्ड मिळतो. पण पहिल्याच स्टिकला हा खटाटोप करू नये. वायरिंग, ओळख आणि खेळ, तिन्ही एकदम शिकायला घेतलं की बिघाड नेमका कुठे आहे तेच कळत नाही.

वायरलेस? घरात खेळायला चालेल, पण सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे १६.६७ मिलिसेकंद. ब्लूटूथने त्यातली एखादी खाल्ली तरी वेळ साधून मारायचे फटके हुकतात. केबलने चालवायचा पर्याय असलाच पाहिजे, आणि ती केबल स्टिकपासून सुटी होणारी असली तर उत्तम. आतून जोडलेली केबल बाहेर पडते त्या तोंडाशीच तुटते.

बॉडी: वजन, रुंदी, पोट

स्टिक कुठे ठेवून खेळणार? मांडीवर ठेवणार असाल तर ती दोन्ही मांड्यांवर टेकली पाहिजे, म्हणजे साधारण ४० सेंटीमीटर रुंदी. ३० च्या खालची स्टिक एका मांडीवरून दुसरीच्या फटीत डुगडुगते. वजन दोन ते साडेतीन किलो असलं की लिव्हर जोरात ओढला तरी बॉडी जागची हलत नाही. किलोभराची स्टिक टेबलावर सरकत सरकत कडेला जाते; मग डाव्या हाताचा पंजा ती धरून ठेवण्यात गुंततो आणि लिव्हर फिरवायला नुसती बोटं उरतात. पाच किलोची धातूची स्टिक दगडासारखी स्थिर बसते, पण खांद्याला अडकवून न्या एकदा.

पुढची कड बघा. मनगट जिथे टेकतं तिथे कड गोल हवी. धारदार कडेवर तासभर खेळलं की मनगटावर लाल रेघ उठते. खाली रबर किंवा फोमचा पूर्ण थर असेल तर तो चार कोपऱ्यांतल्या चार बुचांपेक्षा चांगला. टेबलावर खेळणाऱ्याने बसल्यावर कोपर ९० अंशांच्या आसपास राहतो का ते पाहावं, कारण स्टिकची जाडी टेबलाच्या उंचीत भर घालते.

आणि पोट. वरचं पॅनेल धातूचं, बटणांची भोकं ३० मिलीमीटरची आणि आत पुरेशी खोली असेल तर पुढे काहीही बसवता येतं. अगदी छोट्या, 'मिनी' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्टिकमध्ये लिव्हर आणि बटणं त्यांच्याच मापाची असतात आणि बटणं कधी कधी थेट बोर्डवर बसवलेली असतात. तिथे बदलायला वाव नाही. विकत घेण्याआधी त्या मॉडेलचा उघडलेल्या पोटाचा फोटो शोधा. लिव्हरला पाच वायरींचा एकच सॉकेट आणि प्रत्येक बटणाला दोन सुट्या वायरी दिसल्या की निर्धास्त व्हा. तळाचं झाकण साध्या स्क्रूने किंवा बिजागरीने उघडत असेल तर दुधात साखर.

बटणांची मांडणी शक्यतो व्ह्यूलिक्स पद्धतीची घ्या, म्हणजे जपानी आर्केडमधल्या त्या नावाच्या कॅबिनेटसारखी: चार-चारच्या दोन ओळी, आणि डावीकडची पहिली जोडी थोडी खाली उतरलेली. स्ट्रीट फायटरला सहा बटणं लागतात, टेकनला चार. उरलेल्यांवर दोन-तीन बटणांची जोडगोळी लावता येते. आपलं पात्र आठही बटणं वापरत नसलं तरी आठ असू द्यात.

लिव्हर आणि त्याचं गेट

लिव्हर आतून कसा चालतो हे एकदा डोळ्यांपुढे आणलं की निम्मे गैरसमज जातात. दांडा मध्ये एका गोळ्यावर झुलतो. खालच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते, तिच्या चारी बाजूंना चार मायक्रोस्विच. तुम्ही दांड्याचं वरचं टोक उजवीकडे ढकललं की खालचं टोक डावीकडे जातं आणि डावीकडचा स्विच टिचकतो. म्हणजे उजवीकडचा आदेश डावीकडचा स्विच देतो. तिरक्या दिशेला वेगळा स्विच नाही, दोन शेजारी एकदम दाबले गेले की ती तिरकी दिशा. लिव्हर ठीक दिसत असताना फक्त उजवीकडे जाईनासं झालं तर उघडून डावा स्विच बघायचा, हे यावरूनच कळतं.

सान्वा या कंपनीचा जेएलएफ हा आज प्रमाण मानला जाणारा जपानी लिव्हर. स्प्रिंग मऊ, फिरणं गुळगुळीत, सुटे भाग कुठेही मिळतात. होरीचा हायाबुसा त्याच जातकुळीतला. सेइमित्सुचा एलएस-३२ जरा ताठ, दांड्याचा प्रवास कमी. नेमकेपणा आवडणारे त्याच्याकडे वळतात. कोरियन लिव्हर वेगळ्याच घडणीचे: स्प्रिंगऐवजी मधे जाड रबर, कोपरे असलेली, दांड्याला अडवणारी चौकट (गेट) नाही, वर गोळ्याऐवजी लांबुळकी मूठ. हात सैल सोडला की दांडा फटकन मध्यावर येतो, त्यामुळे टेकनमधल्या भराभर मागे-पुढे होणाऱ्या हालचालींना तो फार आवडीचा. पण तो जपानी लिव्हरपेक्षा खोल असतो, उथळ बॉडीत तळाला लागतो आणि वायरींसाठी बहुधा अडॅप्टर मागतो. टेकनच खेळायचं पक्कं असेल आणि बॉडी खोल असेल तरच पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जा.

गेट म्हणजे खालच्या टोकाला अडवणारी चौकट. जपानी लिव्हरला ती मुळात चौकोनी येते. नवख्यांची पहिली तक्रार हीच असते: 'कोपरे लागतात, अष्टकोनी गेट टाकू का?' घाई नको. चौकोनात चार कोपरे म्हणजे चार तिरक्या दिशा, आणि खाली-मागे धरून बसणाऱ्या, स्ट्रीट फायटरमधल्या गाइलसारख्या पात्राला कोपऱ्यात दांडा रेटून ठेवण्याइतकं सुखाचं काही नाही. अष्टकोनात आठही दिशांना खाच जाणवते, त्याच गेममधल्या झांगिफच्या फटक्याला लागणारा दांड्याचा पूर्ण वेढा गोल फिरल्यासारखा वाटतो, पण तिरक्या दिशेची हक्काची जागा आकसते. मुळात चौकटीवर घासत फिरवायची सवयच लागू देऊ नये. स्विच चौकटीच्या बरंच आधी टिचकतो. तो टिच् आवाज ऐकून हात परतवायला शिकायचं. महिनाभर चौकोनावर काढा, मग ठरवा.

बटणं

तीस मिलीमीटरची आठ आणि स्टार्ट वगैरेसाठी २४ मिलीमीटरची, हे नेहमीचं माप. सान्वाची ओबीएसएफ-३० इतकी हलकी असतात की बोट नुसतं टेकवून ठेवलं तरी कधी कधी दाबली जातात. जड हाताच्या माणसाने सेइमित्सुची किंचित ताठ बटणं बघावीत. रात्री खेळणार आणि घरात माणसं झोपलेली असणार असतील तर आवाज न करणारी बटणं मिळतात; लिव्हरचा खडखडाट मात्र राहतोच.

पातळ धातूच्या पॅनेलला दाबून बसवायची, खटके असलेली बटणं चालतात. लाकडी किंवा जाड अ‍ॅक्रिलिकच्या पॅनेलला खटके पोचत नाहीत, तिथे मागून नट आवळायची बटणं लागतात. सान्वा-सेइमित्सुच्या बटणांना २.८ मिलीमीटरचे चपटे कनेक्टर बसतात, अमेरिकन पद्धतीच्या लांब बटणांना ४.८ चे. मोठा कनेक्टर छोट्या पिनवर पक्कडीने चेपून बसवायचा मोह आवरा; तो पंधरा दिवसांनी बरोबर सामन्यातच निसटतो.

लिव्हरच नसलेल्या, चारही दिशांना बटणं असणाऱ्या स्टिकही आहेत, ज्यांची चाल हिटबॉक्स या कंपनीने पाडली. मनगटाला त्या सोप्या जातात आणि कीबोर्डवर वाढलेल्या हाताला लगेच उमजतात. घेणार असाल तर डावं-उजवं एकदम दाबल्यावर काय होतं ती सेटिंग बदलता येते का तेवढं बघा. स्पर्धांचे त्याबद्दल नियम असतात, आणि दोन्ही मिळून 'काहीच नाही' ही सर्वांत बिनधोक सेटिंग.

बाहेरचे छोटे स्विच, आणि जुनी स्टिक घेताना

पॅनेलवर एक कुलूप-स्विच हवा, जो स्टार्ट आणि होम बंद करतो. स्पर्धेत चुकून गेम थांबवला तर फेरी जाते, असा नियम जवळपास सगळीकडे असतो. दुसरा स्विच एलएस, डीपी, आरएस असा तीन खुणांचा: लिव्हरने डावी अ‍ॅनालॉग काडी व्हायचं, डी-पॅड (पॅडवरची दिशांची बटणं) व्हायचं की उजवी काडी. तो डीपीवर ठेवा. 'बटणं चालतात, लिव्हर मेला' अशा तक्रारीत आधी हाच स्विच बघायचा. साफसफाई करताना तो सरकलेला असतो. टर्बो, म्हणजे बटण दाबून धरलं की ते आपोआप पुन्हा पुन्हा दाबलं जाण्याची सोय, बंद हवा.

वापरलेली स्टिक घेताना गेम लावून बघण्यापेक्षा ट्रेनिंग मोडमध्ये जाऊन आदेशांची पट्टी (तुम्ही काय दाबलं ते दाखवणारी) स्क्रीनवर आणा. आठही दिशा सावकाश, एकेक. मग प्रत्येक बटण वीसदा, आधी मधोमध, मग कडेला दाबून. कडेला दाबल्यावर अडकत असेल तर बटणाचा पिस्टन झिजलाय. बटण स्वस्त आहे, किमतीत घासाघीस करा. तीन-चार बटणं एकदम मेली असतील तर बहुधा बटणांचा दोष नसतो. ग्राउंडची, म्हणजे सगळ्या बटणांना सामाईक असलेली, वायर एका बटणावरून दुसऱ्यावर माळेसारखी गेलेली असते आणि मधलाच एखादा कनेक्टर निसटला की पुढची सगळी गप्प होतात. तिरक्या दिशा अजिबात लागत नसतील तर घाबरू नका: जेएलएफचं गेट ४५ अंशांत फिरवून फक्त चार दिशांचं करता येतं, आणि आधीच्या मालकाने कुठल्या तरी जुन्या गेमसाठी ते केलेलं असतं. कन्सोलसाठी घेत असाल तर वर सांगितलेली आठ मिनिटं ओलांडून पंधरा मिनिटं खेळा.

लिव्हर बदलायची वेळ आली तर

केबल काढा, तळ उघडा, आतला फोटो काढून ठेवा. हा फोटो नंतर देवासारखा उपयोगी पडतो. दांड्याच्या खालच्या टोकाला एक खाच असते. तिच्यात चपटा स्क्रू ड्रायव्हर अडकवून धरा आणि वरचा गोळा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. खालचं न धरता नुसता गोळा पिळत राहिलात तर अख्खा दांडाच गरागरा फिरतो. मग पाच वायरींचा सॉकेट. तो वायरीला धरून ओढायचा नाही. कडांना धरून डावं-उजवं हलवत सरळ वर काढायचा. त्यानंतर चार स्क्रू, लिव्हर हातात.

नवा बसवताना सॉकेटचं तोंड जुन्याच दिशेला ठेवा. अर्धा फेरा चुकला की वर म्हणजे खाली आणि डावं म्हणजे उजवं होतं. पाव फेरा चुकला की उडी मारायला गेलात तर पात्र चालायला लागतं. दोन्हींत बिघाड काही नाही, लिव्हर फिरवून लावा. स्क्रू कोपऱ्या-कोपऱ्याने थोडे थोडे आवळा, एकच पूर्ण आवळून मग दुसरा असं नको.

बटणाचा कनेक्टर काढताना पक्कडीने धातूचा भाग धरून पिनच्या रेषेत सरळ ओढा. आडवं हलवलं की पिन बुडाशी वाकते, आणि दुसऱ्यांदा वाकली की तुटते. बटण बाहेर काढायला आतून दोन्ही खटके एकदम चिमटीत दाबा आणि वर ढकला. एका बाजूने उचकटलं की खटका मोडतो.

लिव्हर करकरायला लागला तर दांडा झुलतो त्या गोळ्याला प्लास्टिकला चालणारं ग्रीस, मसुराच्या दाण्याएवढं. फवाऱ्याचं तेल नको. ते ग्रीस धुऊन काढतं आणि मायक्रोस्विचमध्ये उतरतं. ग्रीस लावायला दांडा बाहेर काढावा लागतो आणि त्यासाठी खालची इंग्रजी ई च्या आकाराची चिमुकली क्लिप. ती सुटली की स्प्रिंगच्या जोराने उडते आणि कपाटाखाली जाते. क्लिप काढताना दुसऱ्या हाताचा पंजा तिच्यावर धरा, किंवा सगळं काम पारदर्शक पिशवीत हात घालून करा.

पहिला महिना

दांडा मुठीत आवळू नका. एक पकड वरून: गोळा अंगठा आणि दोन बोटांत, पंजाची कड बॉडीवर टेकलेली. दुसरी खालून: तळवा वर, दांडा करंगळी-अनामिका किंवा अनामिका-मधलं बोट यांच्या बेचक्यात, गोळा तळहातात. दोन्ही चार-चार दिवस वापरून पाहा, मग एकच धरून ठेवा. रोज पकड बदलणाऱ्याचा हात कधीच बसत नाही.

रोज पंधरा मिनिटं ट्रेनिंग मोड, आदेशांची पट्टी सुरू ठेवून. खाली, खाली-पुढे, पुढे आणि ठोसा (स्ट्रीट फायटरमधला हडुकेन): दहा वेळा डावीकडून, दहा वेळा उजवीकडून. दहातून आठ निघाले की पुढे, खाली, खाली-पुढे या शोर्युकेनच्या चालीकडे वळा. पट्टीवर मधली तिरकी दिशा गायब दिसत असेल तर तुम्ही घाईत कोपरा कापताय. वेग निम्मा करा. शेवटी नको ती 'वर' दिशा उमटत असेल, म्हणजे हडुकेनऐवजी पात्र उडी मारत असेल, तर हात पुढे नेताना वर उचलला जातोय. हा दोष लिव्हरचा नाही, आणि अष्टकोनी गेटने तो जात नाही. दांडा मध्याच्या पलीकडे उसळी घेऊन उलटीच दिशा उमटत असेल तर मात्र स्प्रिंग मऊ पडतेय: एक ताठ स्प्रिंग मागवा, त्या ई क्लिपखालचीच ती, दहा मिनिटांचं काम.